लाल त्रिकोण

दर्यापूर सोडून पूर्णेकडं निघालं
की जमीन काळी होत जाते आणि पाणी खारट.
बोअरच्या पाण्यानं चहा फाटतो,
डाळ दोन तास चुलीवर ठेवली तरी खडेच.
गोडं पाणी गावातल्या नळाला, एक दिवसाआड,
आणि गाव वावरापासून तीन किलोमीटर.

हे आधी सांगते,
म्हणजे डबा काऊन लागतो ते समजेल.

गावंडेंच्या वावरात दसऱ्यानंतर सात जण उतरले
धारणीच्याही वरून कुठून तरी.
टिनाचा कोठा कापसानं गच्च.
दव लागू नये म्हणून कापूस आत,
माणसं ओट्यावर, युरियाची पोती अंथरून.
रानडुकरांसाठी चौफेर तार ओढलेली,
दिवेलागणीला तिच्यात करंट सोडतात.
मी विचारलं, रात्री पोरं मुतायला कुठं जातात?
सोमती हसली.
"नाही जात. धरून ठेवतात."

मी आशा वर्कर.
माझ्या रजिस्टरात घर क्रमांक लिहिल्याशिवाय
पुढचा रकाना भरता येत नाही.
पेन्सिलीनं लिहिलं, कोठा.
खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं.

मुंगीलाल फवारून आला, सदरा पाठीला चिकटलेला,
बिडी पेटवताना तिसरी काडीही विझली.
डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या.
"ऊन लागलं," म्हणाला.
दोन दिवसांपासून आभाळ होतं.
म्हटलं, चल, गाडीवर बस, दवाखान्यात नेते.
म्हणे, सहा पंप झाले, चार राहिले,
चार झाले की येतो.

तेवढ्यात धाकटी आली, कापसाच्या गंजीवरून घसरत.
"डा," म्हणाली.
त्यांच्या बोलीतले दोन-तीनच शब्द मला येतात,
त्यातला हा एक. पाणी.
सोमतीनं पांढरा डबा तिरपा केला
आणि लेबल माझ्याकडं वळलं,
अर्धं सोललेलं,
वरची कवटी गेलेली,
खालचा लाल त्रिकोण शाबूत, टोक खाली.

"सोमती, डबा कुठून आणला?"
"इथलाच. धुऱ्यावर लई पडले होते,
निळे, हिरवे, पिवळे. मी बघून घेतला.
दवाखान्याच्या भिंतीवर असतो ना, तोच निशाण.
तुमचा."

माझा.
उपकेंद्राच्या दारावर आहे तो, खरंच,
रंग उडालेला, टोक खाली.
मी लहान होते तेव्हापासून बघते.
आणि आम्ही तरी काय म्हणतो?
पिकाला औषध मारलं म्हणतो,
अमक्यानं औषध घेतलं म्हणतो आवाज खाली करून,
आणि पोराला ताप आला तर
औषध दे म्हणतो त्याच शब्दात.
ती कुठला वाचणार होती फरक?

मी काही बोलले नाही. विळा उचलला
आणि डब्याच्या बुडाला टोक मारलं.
पाणी काळ्या मातीत गेलं.
सगळे बघत राहिले.
मुंगीलाल एवढंच म्हणाला,
"तीन किलोमीटर होतं ते."

तेव्हा कुठं कळलं काय केलं.
पिशवीतली माझी बाटली दिली,
सात जणांत एक लिटर,
आणि मान खाली घालून गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी घरची स्टीलची कळशी घेऊन गेले.
मुंगीलालला रात्री उलट्या झालेल्या,
सकाळी तो पुन्हा पंप घेऊन तासात.
ओट्यावर डबा होता तसाच, भरलेला.
बुडाच्या भोकात पऱ्हाटीची काडी,
काडीला कापूस गुंडाळून ठोकलेली.
थेंब थेंब गळत होतं.

सोमतीनं डबा फिरवून दाखवला.
लेबलाच्या जागी नखांचे ओरखडे.
"ताई," म्हणाली, "तुम्हाला राग आला ना काल.
निशाण काढून टाकला."